प्रोपेलर शाफ्टपाशी ऑइल गळतंय: जुन्या ट्रकवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

आमच्या दारात एक जुना टाटा ४०७ टेम्पो उभा असतो. हे मॉडेल १९८६ साली बाजारात आलं. आमची गाडी त्यानंतरची, पण आता तीही म्हातारी म्हणायच्याच वयाची झाली आहे. कांद्याच्या दिवसांत सोलापूर बाजार समितीची खेप, एरवी चादरी-टॉवेलच्या गाठी, कधी लग्नाचं मांडवाचं सामान. वडील असताना गाडीखाली ते शिरायचे आणि मी पाने द्यायचो. आता मी शिरतो. गल्लीतले, नात्यातले आणि चहाच्या टपरीवर भेटणारे गाडीवाले जे विचारतात, ते इथं एकत्र लिहिलं आहे. उदाहरणं ४०७ ची आहेत, पण मागची चाकं ओढणाऱ्या कुठल्याही जुन्या ट्रकला, टेम्पोला, पिकअपला यातलं बहुतेक लागू पडतं.

शाफ्टमधलं ऑइल गळतंय. नवा शाफ्ट टाकावा लागेल का?

शाफ्टमध्ये ऑइल नसतंच. गिअरबॉक्सची फिरकी मागच्या चाकांकडे नेणारी ती पोकळ नळी आहे. दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे शाफ्टला वाकून फिरू देणारा अधिकच्या खुणेसारखा सांधा, आणि चेसिस लांब असेल तर मध्ये सेंटर बेअरिंग. ऑइल येतं ते शाफ्ट जिथं जोडलेला असतो तिथून: पुढे गिअरबॉक्सचं मागचं सील (फिरत्या भागाभोवती ऑइल अडवणारी रबरी कडी), मागे डिफरन्सचं, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या गोळ्याचं, पिनियन सील. शाफ्ट फिरत असतो, त्यामुळे तो हे ऑइल चौफेर उडवतो आणि बघणाऱ्याला वाटतं शाफ्टच गळतोय. क्रॉसमधून आणि मधल्या स्लाइडिंग जोडातून येतं ते ग्रीस, आणि ते थोडं बाहेर आलं तर काही बिघडत नाही.

मग नेमकं कुठून येतंय हे कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. मी एकदा दिला नव्हता. गिअरबॉक्सचं मागचं सील बदललं, चार दिवसांत पुन्हा ओलं. पुन्हा बदललं, पुन्हा ओलं. दोन रविवार गेले. शेवटी कळलं की ऑइल इंजिनच्या मागून निघून गिअरबॉक्सच्या पोटावरून ओघळत मागच्या सीलपाशी येऊन थेंब धरत होतं. माझी दोन्ही सीलं चांगली होती.

चालत्या गाडीखालचं वारं ऑइल मागं ढकलतं. म्हणून सगळ्यात मागचा नाही, तर सगळ्यात पुढचा आणि सगळ्यात वरचा ओला ठिपका शोधायचा. त्याआधी सगळं साफ. आपल्याकडच्या रस्त्यांची धूळ ऑइलवर बसून बोटभर जाडीचा थर होतो, तो खरवडणीनं काढा, मग डिझेल आणि ब्रशने धुवा, कोरडं पुसा. सीलच्या भोवती अंगाला लावायची पावडर फुंकरीने उडवा. मग दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा, मोहोळच्या वाटेवर जाऊन परत या, आणि लगेच खाली शिरून बघा. पांढऱ्या पावडरीवर ऑइलची वाट काढलेली दिसते.

रात्री खाली मोठा पुठ्ठा पसरा आणि त्यावर पेनने पुढची बाजू, मागची बाजू लिहून ठेवा. आणखी एक खूण: पिनियन सील फुटलं असेल तर शाफ्ट बोल्टने जिथं जोडतात त्या चकतीच्या, म्हणजे फ्लँजच्या, बरोबर वर, हौद्याच्या तळाला आणि चेसिसला ऑइलचा आडवा पट्टा उमटतो. फिरत्या फ्लँजने मारलेली ती पिचकारी असते.

वास घेऊन ऑइल ओळखता येतं म्हणतात, खरं आहे का?

खरं आहे. गिअर ऑइल दाट असतं, बोटाला मधासारखं चिकटतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. एकदा घेतला की विसरत नाही. इंजिन ऑइल डिझेल गाडीत काळंकुट्ट असतं आणि त्याचा वास जळकट. ब्रेक ऑइल पातळ, आणि ते पेंट उचलतं. ग्रीस थेंबाथेंबाने पडत नाही, गोळा होऊन फेकलं जातं. दोन बोटांत चोळून बघा, वास घ्या. चव घेणारे एक काका मला माहीत आहेत, त्यांचं अनुकरण करू नका.

किती गळालं तर चालवून घ्यायचं?

सील नुसतं ओलसर, वर धूळ चिकटलेली, पण थेंब नाही: चालू द्या, दर महिन्याला लेव्हल बघा. रात्रीतून पुठ्ठ्यावर रुपयाएवढे डाग पडायला लागले की काम काढा. डिफरन्समध्ये ऑइल कमी झालं की आधी क्राउन-पिनियन, म्हणजे आतले एकमेकांत बसणारे दोन गिअर, गुणगुणायला लागतात. पळताना बारीक किणकिण, ॲक्सिलरेटर सोडला की आवाज बदलतो. त्या आवाजापर्यंत थांबलात तर सीलच्या ऐवजी क्राउन-पिनियनचा जोड घ्यावा लागतो, आणि त्या दोन खर्चांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओघळ दिसला तर मात्र एक दिवसही थांबू नका. ते हबचं सील आहे. ऑइल ब्रेकच्या लायनरवर जातं आणि तुळजापूरच्या घाटात ब्रेक एका बाजूला ओढतात. ते काम वेगळं, आणि भिजलेले लायनर धुऊन पुन्हा वापरायचे नसतात.

सील आणायला दुकानात निघालोय. अजून काही बघायचं का?

थांबा. आधी ब्रीदर बघा. मागच्या हाउसिंगवर, म्हणजे डिफरन्सच्या लोखंडी घरावर, वरच्या बाजूला, एक छोटी टोपी किंवा नळी असते. हाउसिंग गरम झालं की आतली हवा फुगते आणि तिथून बाहेर जाते. हवा २५ अंशांवरून ९० अंशांवर गेली आणि तिला वाट मिळाली नाही, तर आतला दाब साधारण पाचव्या हिश्श्याने वाढतो. असल्या सीलला आत ओठासारखी रबरी कड असते. तिचं काम ऑइल आत धरायचं, दाब अडवायचं नाही. मग ऑइल सीलच्या ओठाखालून बाहेर पडतं, आणि आपण नव्या-जुन्या सीलला शिव्या घालतो.

आपल्याकडं ब्रीदर हमखास बुजतो. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, तो वाळला की सिमेंट. टोपी बोटाने फिरते का, वर-खाली हलते का बघा. काढून डिझेलमध्ये भिजवा, बारीक तारेने साफ करा, तोंडाने फुंकून हवा जाते का पाहा. माझ्या मावसभावाच्या गाडीचं गळणं एवढ्यानेच थांबलं. त्याने आणलेलं सील अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून आहे.

गिअरबॉक्सलाही ब्रीदर असतो. तोही त्याच फेरीत बघून घ्या.

सील खराब का होतं?

रबर म्हातारं होतं. साधं काळं नायट्राइल रबर १०० अंशांच्या आसपास सतत राहिलं की कडक होतं, ओठाला चिरा पडतात. आत एक बारीक गोल स्प्रिंग असते, ती सैल होते. दुसरं कारण उभी गाडी. उसाच्या हंगामात धावायचं आणि कारखाना बंद झाला की चार-पाच महिने बांधावर उभं राहायचं, अशा गाडीत ओठ एकाच जागी कोरडा पडून बसतो आणि पहिल्याच खेपेला फाटतो. तिसरं, फ्लँजवर पडलेली रेघ. त्याबद्दल खाली आहेच, कारण खरा घोळ तिथं असतो.

घरी करण्यासारखं काम आहे का? कुठं करायचं?

गिअरबॉक्सकडचं आणि पिनियनकडचं सील घरी बदलता येतं, पण जागा नीट पाहिजे. अंगणातल्या शहाबादी फरशीवर जॅक लावू नका, फरशी तडकते आणि जॅक तिरका होतो. शेतातल्या काळ्या मातीवर तर नकोच. उन्हाळ्यात टणक वाटते, पण एक पाऊस पडला की जॅक आत जातो. सिमेंटचा कोबा असेल तर उत्तम. नसेल तर जॅकखाली जाड लाकडी फळी, निदान दोन इंच.

आता ही गोष्ट जरा हळू वाचा. शाफ्ट काढला की गाडी गिअरमध्ये टाकून काही उपयोग नाही, कारण गिअरबॉक्स आणि चाकं यांचा संबंधच तुटलेला असतो. काही जुन्या गाड्यांचा हँडब्रेकसुद्धा गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला ड्रमवर असतो, तोही त्याच क्षणी निकामी. बोल्ट निघाला आणि गाडी चालू लागली, तर खाली तुम्ही असता. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ओटण लावायची. वीट नको, ती फुटते. गाडी फक्त जॅकवर कधीच नको, मजबूत स्टँड हाउसिंगखाली. जवळ कुणीतरी बसलेलं पाहिजे. मी खाली असताना आमच्या आई बाहेर खुर्ची टाकून शेंगा सोलत बसतात आणि दर दहा मिनिटांनी “आहेस ना रे?” विचारतात.

काय काय लागेल?

रिंग पाने, गोटी सेट, लांब दांडा आणि त्यावर चढेल असा पाइपाचा तुकडा, पुलर, हातोडी, पितळी ड्रिफ्ट, ट्रे, पांढरा पेंट किंवा सेंटर पंच. टॉर्क रेंच भाड्याने किंवा ओळखीच्या गॅरेजमधून उसना. आणि एक स्प्रिंगचा काटा, भंगारवाले वापरतात तसा. तो कशाला ते पिनियनच्या प्रश्नात सांगतो.

नवं सील घेताना काय बघायचं?

जुन्या सीलवर तीन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ ५०-७२-१०. पहिला आतला व्यास, दुसरा बाहेरचा, तिसरा जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. चिखलाने आकडे दिसत नसतील तर जुनं सील काढून सोबत न्या. पण एवढ्याने भागत नाही, पिनियनच्या सीलला बहुतेक वेळा धूळ अडवणारा दुसरा ओठही असतो. आपल्या धुळीत तो नसलेलं सील घेऊ नका, आकार बसला तरी. ओठ बोटाने दाबून बघा, मऊ पाहिजे. दुकानात वर्षानुवर्षं उन्हात टांगलेलं सील नवं असूनही म्हातारं असतं.

शाफ्ट काढताना काय चुकतं?

खूण करायची राहते. शाफ्टचा फ्लँज आणि पिनियनचा फ्लँज या दोघांवर मिळून एक आडवी रेघ मारा. स्लाइडिंग जोड असेल तर त्याच्या दोन भागांवरसुद्धा. क्रॉसच्या जोडातून शाफ्ट वाकून फिरताना त्याचा वेग एका फेरीत दोनदा कमी-जास्त होतो, आणि दुसऱ्या टोकाचा क्रॉस तो चढउतार भरून काढतो. त्यासाठी दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दुबेळके, एकमेकांशी ठरलेल्या कोनात पाहिजेत. स्लाइडिंगचा जोड एक दात जरी पुढं-मागं बसला तरी गाडी थरथरायला लागते, आणि मग माणूस टायर बॅलन्सिंगच्या मागे लागतो.

बोल्ट काढले की शाफ्ट खाली लोंबकळू देऊ नका, दोरीने किंवा तारेने चेसिसला बांधा. आपल्या अंगावर पडणाऱ्या वस्तूंमध्ये त्याचं वजन बरंच आहे. क्रॉसच्या वाट्या सुट्या होणार असतील तर चिकटपट्टीने गुंडाळा, नाहीतर आतल्या सुया मातीत विखुरतात.

शाफ्ट हातात आहे तोवर क्रॉस चारी बाजूंनी हलवून बघा. अडखळला किंवा खुळखुळला तर बदला. वाट्यांच्या कडेला कुंकवासारखी लालसर पूड दिसली तर तो क्रॉस आतून कोरडा पडून गंजलेला आहे.

पिनियनचा नट सैल केला की डिफरन्स बिघडतो, असं मेकॅनिक सांगतो. भीती दाखवतोय का?

नाही, त्याचं बरोबर आहे. हा नट फ्लँज धरून ठेवतो, आणि त्यासोबत पिनियनच्या दोन्ही बेअरिंगवरचा ताणही ठरवतो. सैल राहिला तर पिनियन हलतो आणि दात खातो, जास्त आवळला तर बेअरिंग तापून जातं. काही हाउसिंगमध्ये दोन बेअरिंगच्या मध्ये घट्ट नळी आणि शिम, म्हणजे मापाच्या पातळ चकत्या, असतात. तिथं पुस्तकात दिलेल्या टॉर्कला नट आवळला की काम झालं. काहींमध्ये आवळताना दबणारी पातळ नळी असते. ती एकदा जास्त दबली की नट मागे फिरवून परत फुगत नाही, नवीच घालावी लागते. आपल्या गाडीत कोणती आहे ते पार्टवाल्याला मॉडेल आणि वर्ष सांगून आधी विचारून घ्या.

माझी पद्धत अशी. शाफ्ट काढल्यावर, नटाला हात लावण्याआधी, मागची दोन्ही चाकं स्टँडवर अधांतरी, ब्रेक पूर्ण मोकळे. फ्लँजभोवती सुतळीचे चार वेढे घ्यायचे, सुतळीचं टोक स्प्रिंगच्या काट्याला अडकवायचं आणि सावकाश, एकसारखं ओढायचं. फ्लँज फिरत असताना काटा किती दाखवतो ते लिहायचं. सुरुवातीचा झटका धरायचा नाही, फिरतानाचा आकडा धरायचा. मग नट, पिनियनचं टोक आणि फ्लँज यांच्यावर सेंटर पंचने एका ओळीत ठिपके, आणि नटाबाहेर किती आटे दिसतात ते मोजून ठेवायचे.

नट सोडताना फ्लँज फिरू नये म्हणून लांब लोखंडी पट्टी त्याला दोन बोल्टने जोडा आणि तिचं टोक जमिनीला टेकवा. नट ठेचून बसवलेला असेल तर आधी छिन्नीने ती ठेच उचला. फ्लँज हातोडीने ठोकून काढू नका, तो धक्का बेअरिंगवर जातो. पुलर लावा.

परत बसवताना नवा नट घ्या. दबणारी नळी असेल तर ठिपके आणि आटे जुळेपर्यंत जपून आवळा, नवा नट असल्यामुळे पिनियनवरचा ठिपका आणि आटे हेच धरायचे. मग सुतळी आणि काटा पुन्हा. आकडा पहिल्याइतका किंवा किंचित जास्त आला पाहिजे. कमी आला तर केसभर आवळायचं, पुन्हा मोजायचं. शेवटी नट ठेचा.

नट सोडण्याआधीच फ्लँज हाताने वर-खाली हलत असेल, तर हे सगळं सोडून द्या. बेअरिंग गेलेलं आहे. त्यावर कितीही नवी सीलं घातली तरी गळणार, आणि ते काम डिफरन्सच्या माणसाचं आहे.

सील बसवलं तरी पुन्हा गळतं. का?

फ्लँजचा सीलवर घासणारा भाग पुसून त्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथं रेघ पडली आहे. वर्षानुवर्षं सीलच्या ओठात धूळ अडकून ती पॉलिश पेपरसारखी लोखंड खात राहते. नवा ओठ त्याच चरात बसतो आणि ऑइल चरातून निघतं. रेघ अगदी उथळ असेल तर सील एक-दोन मिलिमीटर पुढं-मागं बसवता येतं, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येतो. खोल असेल तर फ्लँज बदला, किंवा त्यावर चढवायची पातळ स्टीलची बाही मिळते ती घाला. लेथवर घासून घेण्याचा सल्ला मिळेल, पण व्यास कमी झाला की सील सैल बसतं.

बसवताना सीलची स्प्रिंगवाली बाजू ऑइलकडे. ओठाला ग्रीस लावा, कोरडं बसवलं तर पहिल्या किलोमीटरलाच जळतं. जुनं सील उचकटताना घराला ओरखडा पडला का बघा. नवं सील ठोकायला त्याच्याच मापाचा पाइपाचा तुकडा घ्या आणि चारी बाजूंनी सारखं आत न्या. एका बाजूला हातोडी, मग दुसऱ्या बाजूला हातोडी, असं केलं की सील तिरकं बसतं.

गिअरबॉक्सकडचं सील वेगळं असतं का?

पद्धत साधारण तीच. फ्लँजच्या जागी सरळ आत सरकणारा योक असलेल्या गाड्यांत योक ओढला की ऑइल धार धरून बाहेर येतं, ट्रे आधी लावा.

एम-सील लावून भागेल का?

दोन न हलणारे भाग असतील तर कधीमधी. फिरत्या फ्लँजला चिकटवून काय धरणार?

ऑइल कोणतं आणि किती?

गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच. डिफरन्सला बहुतेक जीएल-५ दर्जाचं लागतं. जुन्या गिअरबॉक्सला जीएल-४ सांगितलं असेल तर जीएल-५ घालू नका, त्यातली काही रसायनं सिंक्रोच्या, म्हणजे गिअर अलगद पडावा म्हणून असलेल्या, पितळी रिंगांना मानवत नाहीत. भरायचा बोल्ट बाजूला असतो. गाडी सपाट जागेवर उभी करून तो काढायचा आणि बोट आत वाकवून बघायचं. ऑइल छिद्राच्या खालच्या कडेला टेकलं पाहिजे. त्याहून जास्त भरलं तर ते सीलवाटे बाहेर येतं, आणि लोक म्हणतात नवं सीलही गळतंय.

खालचा ड्रेन बोल्ट उघडण्याआधी वरचा भरायचा बोल्ट निघतो का, हे बघा. वरचा जाम असेल आणि ऑइल सगळं सांडलं असेल, तर गाडी जागच्या जागी अडकते. मी एका संध्याकाळी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत वेल्डिंगवाला शोधत फिरलोय. निघालेलं ऑइल गटारात किंवा बांधावर ओतू नका, कॅनमध्ये भरून जळकं ऑइल घेणाऱ्याला द्या.

क्रॉसला ग्रीस किती मारायचं?

चारही वाट्यांच्या कडेने नवं ग्रीस डोकावेपर्यंत. तीनच वाट्यांतून आलं आणि चौथी गप्प असेल, तर ती कोरडी आहे. शाफ्ट थोडा फिरवून, क्रॉस हलवून पुन्हा मारा. तरी नाही आलं तर तो क्रॉस काढायचा. पाण्यातून, चिखलातून गाडी गेली की मी दुसऱ्या दिवशी ग्रीस गन घेतोच.

काम झालं. आता गळत नाही हे कधी मानायचं?

पहिल्या खेपेनंतर फ्लँजपाशी हात नेऊन बघा, चटका बसण्याइतकं तापलं असेल तर नट जास्त आवळला गेलाय. शाफ्टचे बोल्ट शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. सुरुवातीला लावलेलं ग्रीस थोडं उडतं, त्याला घाबरू नका, पुसून टाका. पुठ्ठा आठवडाभर रोज रात्री. मागच्या वेळी माझ्या पुठ्ठ्यावर पाचव्या दिवशी डाग आला, मी पाने काढले, गाडीखाली शिरलो, अर्धा तास शोधलं. डाग शेजाऱ्यांच्या मोटारसायकलचा निघाला. ते रोज रात्री ती आमच्या टेम्पोच्या आडोशाला लावतात.